रेसिडेंटना मायक्रोसर्जरीचे पहिले टाके: कमी साधनांत पाया कसा घालावा? (नाशिक)

द्वारका_ऑर्थो

नमस्कार. नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलसाठी विचारतोय. सहा रेसिडेंट आहेत, चार ऑर्थोचे आणि दोन जनरल सर्जरीचे. सातपूर, अंबड आणि सिन्नरकडून प्रेसमध्ये गेलेली बोटं वरचेवर येतात. सगळ्यांना रीप्लांट (तुटलेलं बोट परत जोडणं) करणारे सर्जन बनवायचं नाही. पण डिजिटल नर्व्ह (बोटातली संवेदनेची नस) नीट जोडता यावी आणि एक मिलिमीटरची आर्टरी समोर आली तर हात कुठे टेकायचा, काय धरायचं आणि काय धरायचं नाही, एवढं तरी प्रत्येकाला यावं अशी इच्छा आहे.

हाताशी ईएनटीचा जुना फ्लोअर स्टँड मायक्रोस्कोप आहे (लेन्स ४००, म्हणजे ४०० मिलिमीटरवर फोकस), ३.५ पटीचे दोन लूप (चष्म्यासारखी लावायची भिंगं) आहेत आणि एक मायक्रो सेट आहे. त्यातल्या एका फोरसेप्सची (चिमट्याची) टोकं जुळत नाहीत. वेळ आठवड्यातून दोन दुपारी, प्रत्येकी दीड तास.

सुरुवात कशावर करावी? चिकनच्या तंगडीतल्या वाहिन्यांवर सराव कधी सुरू करावा? आणि "याला आता जमतंय" हे ठरवायचं कशावरून? पाणी सोडलं, पलीकडून आलं, झालं पास, एवढंच सध्या डोक्यात आहे आणि ते पुरेसं वाटत नाही.

---

नायलॉन_गंगापूररोड

सर, आधी मायक्रोस्कोप मार्गी लावा. ४००ची लेन्स लॅरिंक्ससाठी ठीक आहे. हाताच्या कामाला तीच ठेवली तर मायक्रोस्कोप इतका वर जातो की शिकणारा मान ताणून बसतो आणि कोपरं हवेत राहतात. त्याच कंपनीची २०० किंवा २५०ची ऑब्जेक्टिव्ह मिळते, जुनी काढून ती बसवा. पहिला खर्च हाच करा. दुसरा मायक्रोस्कोप लागलाच तर पॅथॉलॉजी किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा स्टीरिओ झूम चालतो. फक्त त्याला खालून ०.५ची जोड-लेन्स लावा, नाहीतर लेन्स आणि कामाची जागा यांत जेमतेम १० सेंटिमीटर उरतात आणि नीडल होल्डर लेन्सवर आपटतो. जोड-लेन्स लावली की पावणेदोनशे मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते. मोठं दिसणं निम्म्यावर येतं, पण सरावाला तेवढं पुरतं.

पहिल्या दुपारी टाका घेऊच नका, फक्त बसायला शिकवा. पाऊल जमिनीवर सपाट, मांड्या आडव्या, कोपरापासून करंगळीच्या कडेपर्यंत सगळा हात टेबलावर टेकलेला, मनगटाखाली टॉवेलची घडी. हत्यार पेनासारखं धरायचं. प्रत्येकाच्या हाताला सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक कंप असतोच. तो घालवता येत नाही, टेकून शोषून घ्यावा लागतो. "माझा हात थरथरतो, मला हे जमणार नाही" म्हणणाऱ्या रेसिडेंटची बहुतेक वेळा खुर्ची चुकीच्या उंचीवर असते. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा, कारण त्या एका गैरसमजापायी चांगली मुलं मागे हटतात.

मग डोळे. दोन्ही आयपीसमधलं (डोळे लावायच्या नळ्यांमधलं) अंतर हळूहळू बदलत दोन गोलांचा एक गोल करायचा. डायॉप्टर (आयपीसवरचं नंबर जुळवायचं कडं) शून्यावर ठेवून सर्वांत मोठ्या मॅग्निफिकेशनला फोकस करायचा. मग मायक्रोस्कोप न हलवता सर्वांत लहान मॅग्निफिकेशनवर यायचं आणि एकेका डोळ्याचं डायॉप्टर प्लसकडून खाली आणत चित्र स्वच्छ करायचं. आपापला आकडा वहीत लिहून ठेवायचा. हे न करता बसलं की झूम बदलताच चित्र पुसट होतं, अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि दोष हातांवर जातो.

पहिला सराव वर्तमानपत्रावर. छापील फोटोचा तुकडा लेन्सखाली ठेवला की तो ठिपक्यांचा दिसतो. फोरसेप्सच्या टोकाने सांगितलेल्या ठिपक्याला स्पर्श करायचा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. नजर आयपीसमधून काढायची नाही. हत्यार बदलताना सगळे खाली बघतात. ती सवय इथेच मोडा. हत्यार दुसऱ्याने हातात द्यायचं.

दुसरा सराव सुई उचलण्याचा. सुईला थेट फोरसेप्सने धरायला गेलं की ती लोळते नाहीतर उडते. सुईपासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोरा धरा, उचला, सुई लोंबू द्या. टोक रबरावर जेमतेम टेकलं की दोरा किंचित पुढे-मागे करा. सुई स्वतःभोवती फिरते, आणि हव्या त्या बाजूला तोंड आलं की मधोमधच्या जरा मागे नीडल होल्डरने धरा. ही एवढी क्रिया वीस वेळा. पंखा बंद ठेवा. १०-० नायलॉन साधारण ०.०२ मिलिमीटर जाड, डोक्याच्या केसाहून बारीक. मे महिन्यातही पंख्याखाली तो दोरा सापडत नाही.

त्यानंतर ग्लोव्ह. लॅटेक्स ग्लोव्हचा तुकडा छोट्या वाटीच्या तोंडावर ताणून रबरबँड लावा, एक सेंटिमीटरची चीर द्या आणि ८-० ने टाके सुरू करा (आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक). दोन-तीन दुपारींनी ९-०, मग १०-०. चीर आडवी, उभी, तिरकी, सगळ्या दिशांना ठेवा, कारण पेशंटची आर्टरी आपल्या सोयीने आडवी पडत नाही.

गाठीत वेळ कुठे जातो तर शेपटात. दोरा ओढताना मागचं टोक तीन-चार मिलिमीटर उरेपर्यंत ओढायचं, ते लेन्सच्या गोलात दिसलं पाहिजे. शेपूट लांब राहिलं की वेढा घालून ते पकडायला जावं तर सगळा फेराच सुटतो. अगदीच तोकडं राहिलं तर गाठ बसण्याआधी निसटतं. गाठ चौकोनीच हवी. पहिला फेरा कडा भेटेपर्यंतच, रबर चुरगळलं म्हणजे ओढ जास्त झाली. गाठ मारताना मॅग्निफिकेशन ६ ते १०, सुई घालताना १५च्या पुढे. पूर्ण वेळ २५ वर काम करायचा मोह होतो, पण त्यात दिसणारा गोल आणि फोकसची खोली दोन्ही इतकी कमी होतात की सुई सतत हरवते.

आठवड्यातून दोनदा दीड तास हे तुमचं वेळापत्रक उत्तम आहे, बदलू नका. टोरांटोमध्ये ३८ ज्युनिअर सर्जरी रेसिडेंटना हाच ॲनास्टोमोसिस (बारीक रक्तवाहिनीची जोडणी) शिकवून तुलना केली होती (२००६). चार सत्रं एकाच दिवशी घेतलेले आणि तीच चार सत्रं आठवड्याला एक अशी घेतलेले, असे दोन गट. महिन्याने परीक्षा घेतली तर अंतराने शिकलेले सरस ठरले. वीकेंडला एकदम उरकून टाकू म्हणणाऱ्या प्रशासनाला हे दाखवा.

---

नेत्र_कॉलेजरोड

दोऱ्याबद्दल एक धोका सांगतो. नाशिकमध्ये डोळ्यांची हॉस्पिटलं भरपूर आहेत, तिथून मुदत संपलेला १०-० नायलॉन सरावाला सहज मिळेल. पण आमच्या बऱ्याच १०-० ला स्पॅच्युला सुई असते. ती कॉर्नियाच्या थरांतून सरकण्यासाठी चपटी आणि कडेने कापणारी असते. ग्लोव्हवर खुशाल वापरा. रक्तवाहिनीवर मात्र प्रत्येक छिद्राची बारीक चीर होते, पाणी सोडलं की सुईच्या भोकांतून गळतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं टाके कमी पडले. मग तो आणखी टाके घालतो, आणखी गळतं. चिकनपासून पुढे गोल टेपर सुईच घ्या, ३/८ वर्तुळाची, ७० ते १०० मायक्रॉनची. पाकिटावरचं सुईचं चित्र बघायची सवय मुलांना लावा.

---

हँड_पंचवटी

वरचं सगळं मान्य. चिकन आणि "पास कशाला म्हणायचं" यावर लिहिते, कारण खरी मेख तिथेच आहे.

दुकानदाराला "कटिंग करू नका, खुब्यापासून अख्खी तंगडी द्या" असं सांगा. आपल्याकडे कातडी काढूनच देतात, त्याने अडत नाही. सुरा मांडीत घुसलेला नसला म्हणजे झालं. त्याच दिवशीची आणा आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा. मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूने स्नायूंमधली फट बोटाने उघडत गेलं की आधी पांढरी नर्व्ह दिसते आणि तिच्या शेजारी आर्टरी आणि व्हेन. आर्टरी वरच्या भागात दोन मिलिमीटरच्या आसपास, गुडघ्याकडे बारीक होत जाते. पहिले ॲनास्टोमोसिस वर, नंतरचे खाली. त्यातही हात बसला की पंखातली आर्टरी घ्या, ती आणखी लहान. नर्व्ह फेकू नका. एपिन्यूरियमचे (नर्व्हच्या बाहेरच्या आवरणाचे) टाके ८-० आणि ९-० ने त्याच तंगडीवर शिकून होतात, आणि ऑर्थोच्या मुलांना उद्या तेच सर्वांत जास्त लागणार आहे.

काही रेसिडेंट मांसाला हात लावत नाहीत, श्रावणात तर जास्तच. जबरदस्ती नको. हॉस्पिटलमध्ये प्रसूती होत असतील तर प्लासेंटा (वार) हा फार चांगला पर्याय आहे. आईची लेखी संमती आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीचे रिपोर्ट निगेटिव्ह, एवढं बघून घ्या. नाळेतून सलाइनने गुठळ्या धुऊन काढल्या की पृष्ठभागावर एकापासून चार मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या मिळतात. त्यांच्या भिंती चिकनपेक्षा पातळ असतात, त्यामुळे व्हेनच्या सरावाला जास्त उपयोगी.

आता प्रत्यक्ष जोडणी. वाहिनी सरळ कापा, मागे निळ्या ग्लोव्हचा तुकडा सरकवा म्हणजे कडा उठून दिसतात. ॲडव्हेंटिशिया (वाहिनीचा बाहेरचा सैल थर) टोकाच्या पुढे ओढून कापायची, बाही हातावरून पुढे ओढून कापावी तशी. सोडली की ती आपोआप मागे सरकते आणि दोन-तीन मिलिमीटर स्वच्छ टोक उघडं राहतं. हे अर्धवट केलं तर तिचा धागा टाक्याबरोबर आत जातो, आणि जिवंत वाहिनीत गुठळी त्याच धाग्यावर धरते. टोकं आतून सलाइनने धुवा, डायलेटर (तोंड रुंद करायचा चिमटा) मिटलेला आत घालून हलकेच उघडा. अप्रॉक्झिमेटर क्लॅम्पमध्ये (दोन टोकं समोरासमोर धरणाऱ्या जोड-चिमट्यात) दोन्ही टोकं नुसती भेटली पाहिजेत, ताणलेली नकोत.

फोरसेप्सने भिंतीची पूर्ण जाडी कधीच चिमटायची नाही. एकतर बाहेरून ॲडव्हेंटिशिया धरा, नाहीतर टोकं मिटून ल्यूमेनमध्ये (वाहिनीच्या आतल्या पोकळीत) ठेवा आणि आतून आधार द्या, सुई त्या आधारावर येते. सुई भिंतीला काटकोनात शिरली पाहिजे. बाइट (कडेपासून सुई शिरण्याचं अंतर) आर्टरीला भिंतीच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट, व्हेनला जरा जास्त. पहिले दोन टाके १८० अंशांवर, त्यांची टोकं लांब ठेवा. मग पुढची बाजू, मग क्लॅम्प उलटून मागची. एक मिलिमीटरच्या वाहिनीला एकूण साधारण आठ टाके. क्लॅम्प उलटल्यावर पहिल्यांदा आतून बघायचं की पुढच्या टाक्यांनी मागची भिंत पकडलेली नाही ना. शेवटचे दोन टाके घालून ठेवा, गाठी नंतर. सैल दोऱ्यांमधून आत बघा, मगच बांधा. कडा एकमेकींना चिकटून आत काही दिसेना तर सलाइनचा एक थेंब टाका, थेंबात भिंती तरंगून ल्यूमेन उघडतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. पाणी पलीकडे गेलं म्हणजे पास, हे मनातून काढून टाका. मागची भिंत अर्धी पकडली असली तरी सिरिंजच्या दाबाने पाणी जातंच. पाण्याला गुठळी होत नाही. २४ नंबरची पिवळी इंट्राकॅथ घालून रंगीत पाणी जरूर सोडा, गळती कळते. पण खरी परीक्षा त्यानंतर आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर ठेवून तुकडा काढा, उभा चिरा, पुस्तकासारखा उघडून कार्डावर पसरा आणि इंटिमाच्या (सर्वांत आतल्या थराच्या) बाजूने मायक्रोस्कोपखाली बघा. प्रत्येक वेळी, दर ॲनास्टोमोसिसला, न चुकता. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढा आणि तारखेसकट ठेवा.

बघायचं काय यासाठी ॲनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स वापरा. त्यात दहा चुका मोजतात: जोडरेषा तुटलेली, मागची किंवा कडेची भिंत पकडलेली, तिरका टाका, कडा आत दुमडलेली, अर्ध्याच जाडीतून गेलेला टाका, टाक्यांमधलं अंतर असमान, भिंतीला फाट, दोऱ्याने आवळलेली भिंत, ल्यूमेनमध्ये दोरा आणि कडेवर कड चढलेली. दर चुकीला एक. बेरीज कमी होत गेली पाहिजे.

उघडून बघितलं की रेसिडेंटला आपली चूक कोणी सांगावी लागत नाही. अर्ध्या जाडीच्या टाक्याजवळ इंटिमाची पापडी सुटलेली दिसते, आणि सुई तिरकी घातल्याने हे झालं हे त्याला लगेच कळतं. बाहेरून नुसतं "जरा काळजीपूर्वक कर" म्हणून हे शिकवता येत नाही.

---

ओटी_सिस्टर_नाशिकरोड

डॉक्टर, हत्यारांचंही लिहिते, कारण दोन महिन्यांत सेट खराब झाला की क्लास बंद पडतो.

सरावाचा सेट आणि पेशंटचा सेट कायमचा वेगळा ठेवा, ट्रेवर ठळक रंगाची टेप लावा. चिकनला लागलेलं हत्यार पेशंटच्या सेटमध्ये परत येता कामा नये. सरावाला महागडा सेट लागत नाही. ज्वेलर्स फोरसेप्स म्हणजे मूळचा घड्याळजींचाच चिमटा. सोनारकामाची किंवा घड्याळदुरुस्तीची हत्यारं विकणाऱ्याकडे ३ आणि ५ नंबरचे चिमटे विचारा, आपल्याकडे सराफ बाजाराच्या बाजूला चौकशी करता येईल. विकत घेताना टोकं उजेडासमोर धरून मिटवून बघा, फट दिसली तर घेऊ नका. नीडल होल्डर आणि कात्री मात्र वैद्यकीयच हवी. होल्डरला लॉक नको, लॉक सुटताना बसणाऱ्या झटक्याने सुई वाहिनी फाडते.

टोकांना आयव्ही सेटच्या नळीचे छोटे तुकडे टोपीसारखे चढवा. हत्यारं एका वाटीत एकत्र टाकायची नाहीत. काम संपल्याबरोबर डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, सांध्यात वाळलेलं रक्त नंतर निघत नाही. सुई होल्डरला आपोआप चिकटू लागली किंवा टोकाकडे उडी मारू लागली तर हत्यारात चुंबकत्व आलंय, डीमॅग्नेटायझरमधून काढा. आणि तुमची न जुळणारी फोरसेप्स रेसिडेंटला वाकवू देऊ नका. मायक्रोस्कोपखाली बारीक दगडावर घासून टोकं जुळवता येतात, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम आहे. तोवर ती क्लॅम्प धरायला वापरा. चिकनचे आणि प्लासेंटाचे तुकडे पिवळ्या पिशवीत, सुया मोजून शार्प्सच्या डब्यात. हरवलेली १०-० ची सुई शोधायला क्लासनंतर अर्धा तास जातो, म्हणून टेबलावर पांढरं कापड नको, हिरवं किंवा निळं अंथरा.

---

द्वारका_ऑर्थो

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचवटी मॅडम, उघडून बघायचं हे आजपासून नियमात. दोन शंका उरल्या. बोटाच्या जखमेत क्लॅम्प उलटायला जागाच नसते, तिथे काय शिकवावं? आणि चिकननंतर थेट पेशंट, की मध्ये काही?

---

हँड_पंचवटी

जागा नसेल तिथे मागची भिंत आधी. सर्वांत खोलच्या बिंदूपासून पहिला टाका, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं वर येत पुढच्या भिंतीवर संपवायचं. क्लॅम्प उलटावा लागत नाही आणि प्रत्येक टाका आतून दिसत राहतो, त्यामुळे मागची भिंत पकडली जाण्याची भीतीही कमी. १८० अंशांची पद्धत पक्की झाली की हीच शिकवा. सराव करताना तंगडी खोल वाटीत ठेवा म्हणजे कडा हाताला अडतील, बोटात अडतात तशा.

---

नायलॉन_गंगापूररोड

दुसऱ्या शंकेबद्दल. चिकनमध्ये दोन गोष्टी शिकता येत नाहीत, स्पाझम (वाहिनीचं आकसणं) आणि गुठळी. त्या जिवंत वाहिनीतच कळतात. त्यासाठी उंदराची फीमोरल आर्टरी वापरतात, साधारण एक मिलिमीटर किंवा जरा कमी. पण सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे) नोंदणी असलेली जागा आणि संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय ते करता येत नाही. त्यामुळे हे स्वतः उभारण्यापेक्षा दोघातिघांना अशी सोय असलेल्या केंद्राच्या पाच दिवसांच्या कोर्सला पाठवा. चिकनवर चुकांची बेरीज खाली आल्यावरच पाठवा, नाहीतर पाच दिवस सुई उचलण्यातच जातात.

पेशंटवर क्रम असा ठेवा. आधी लूप लावून डिसेक्शन, म्हणजे डिजिटल नर्व्ह आणि आर्टरी शोधून टॅग करणं आणि हाताच्या मागच्या बाजूच्या व्हेन्स न फाडता मोकळ्या करणं. मग सीनियरच्या समोर डिजिटल नर्व्हचे टाके. तिथे टाका काढून पुन्हा घालता येतो, गुठळीची टांगती तलवार नसते. त्यानंतर जोडाचे शेवटचे टाके, आणि सर्वांत शेवटी पूर्ण आर्टरी. तीही स्वच्छ कापलेल्या बोटात. प्रेसमध्ये चिरडलेलं बोट शिकायला देऊ नका. तिथे इंटिमा दिसते त्यापेक्षा बरीच पुढपर्यंत खराब असते, निरोगी भाग लागेपर्यंत कापत जावं लागतं आणि मग व्हेन ग्राफ्ट (मधली जागा भरायला दुसरीकडून घेतलेला व्हेनचा तुकडा) लागतो.

क्लॅम्प काढताना आधी डिस्टल (बोटाच्या टोकाकडचा), मग प्रॉक्झिमल (मनगटाकडचा). थोडं झिरपलं की रेसिडेंटचा हात लगेच सुईकडे जातो. तो थांबवा. ओलं गॉज हलकं ठेवून घड्याळ लावून तीन ते पाच मिनिटं वाट बघायची, बहुतेक वेळा थांबतं. धार उडत असेल तरच टाका. वाहिनी आकसली असेल तर बाहेरून लिग्नोकेन सोडून कोमट सलाइनचं गॉज ठेवा. हेपरिन सलाइन धुण्यापुरतं, ५० मिलीत ५००० युनिट.

मिल्किंग टेस्टही (जोडातून रक्त वाहतंय का याची तपासणी) चिकनवर हालचाल म्हणून आधीच बसवून घ्या. जोडाच्या पुढे दोन फोरसेप्स शेजारी-शेजारी हलके मिटायचे, दुसरा पुढे सरकवत मधला भाग रिकामा करायचा, मग जोडाकडचा पहिला उघडायचा. पेशंटमध्ये रिकामी जागा झटकन भरली तर वाट मोकळी. सावकाश भरली किंवा भरलीच नाही तर टाके मोजत बसू नका, जोड कापून पुन्हा करा. ही टेस्ट एकदा-दोनदाच. दर मिनिटाला करत राहिलं तर आपणच इंटिमा दुखावतो.